वतनाचा हिशेब आणि परीक्षेचा हिशेब

२०१८ सालची गोष्ट आहे. ऑक्टोबर महिना संपत आला होता. लक्ष्मीपूजन सात नोव्हेंबरचे, म्हणजे एका आठवड्यावर येऊन ठेपलेले. एरवी या दिवसांत पेठेतल्या करसल्लागाराला मान वर करायला फुरसत नसते. त्या वर्षी मात्र देशभरातल्या कित्येक करसल्लागारांना निराळीच काळजी लागली होती. विक्रीकराच्या कचेरीत ज्यांच्या चपला झिजल्या, ज्यांचे केस त्या कामात पांढरे झाले, अशा माणसांना ३१ ऑक्टोबरला परीक्षेला बसायचे होते.

असा एखादा गृहस्थ आपण डोळ्यांपुढे आणू या. सांगलीच्या गणपती पेठेतला म्हणा, की साताऱ्याच्या सदाशिव पेठेतला म्हणा. वय पन्नाशीच्या पुढचे. रात्रीचे अकरा वाजले आहेत. मुलाच्या टेबलावरचा दिवा आज बापाने घेतला आहे. मुलगा विचारतो, "बाबा, अजून जागे?" आणि बाप चष्मा कपाळावर सारून म्हणतो, "अरे, पेपर आहे ना माझा! तुला दहावीला बसवला तेव्हा तू झोपला होतास का?"

घरात हसू होते, पण त्या हसण्याखाली धाकधूक असते. कारण ही परीक्षा हौसेची नव्हती. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला. जुन्या विक्रीकराच्या कायद्याखाली निदान पाच वर्षे ज्यांनी सल्लागाराचे काम केले होते, त्यांची नव्या कायद्याखाली नोंदणी झाली खरी. पण ती टिकवायची तर ठरलेल्या मुदतीत परीक्षा उत्तीर्ण झाली पाहिजे, असा नियम होता. ही मुदत पुढे वाढवून अडीच वर्षांची करण्यात आली. परीक्षा घेणार होती सीमाशुल्क व अप्रत्यक्ष करांची राष्ट्रीय अकादमी. संगणकासमोर बसायचे, अडीच तासांत शंभर प्रश्नांना तोंड द्यायचे, प्रत्येक प्रश्नापुढच्या पर्यायांतून बरोबर तो निवडायचा. गुण दोनशे, उत्तीर्ण व्हायला शंभर. चुकीच्या उत्तराला गुण कापले जाणार नव्हते, एवढीच काय ती दया.

आता आपण विचाराल, इतकी वर्षे ज्याने हे काम केले त्याची परीक्षा कशाला? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर शोधायला बसले, की माणूस २०१८ सालात थांबत नाही. तो पार कुलकर्ण्याच्या दप्तरापर्यंत मागे जातो. दुसऱ्याचा हिशेब वाचण्याचा, लिहिण्याचा आणि सरकारपुढे तो मांडण्याचा अधिकार कुणाला असावा? कृष्णाकाठच्या आपल्या या दोन जिल्ह्यांनी या एका प्रश्नाची निरनिराळी उत्तरे पाहिली आहेत. तीच आज सांगायची आहेत.

पहिले उत्तर होते वतनाचे. गावचा पाटील वसूल करी आणि कुलकर्णी तो लिही. कुणाची जमीन किती, सारा किती, भरला किती, बाकी किती, हे सगळे कुलकर्ण्याच्या दप्तरात मोडी अक्षरांत असे. हे काम बापाकडून मुलाकडे जाई. मुलाची परीक्षा कुणी घेत नसे, पण त्याला शिक्षण नव्हते असे मात्र समजू नका. बापाच्या मांडीशी बसून तो मोडीचे वळण गिरवी. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी तोंडपाठ करी. कीर्द कशी लिहायची, खतावणी कशी घालायची, तेरीज आणि ताळेबंद कसा जुळवायचा, हे हाताला सवयीने येई. या विद्येचा मान मोठा होता. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर नाना फडणिसांचा वाडा आहे. फडणीस हा शब्द फर्दनवीसपासून आला असे सांगतात. फर्द म्हणजे याद, हिशेबाचा कागद; नवीस म्हणजे लिहिणारा. राज्याचा कारभार ज्याच्या हाती, त्याच्या पदवीचा अर्थ मुळात कागद लिहिणारा असा होता! हिशेब लिहिणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, हे यावरून कळेल.

पण याच विद्येची दुसरी बाजू कडू होती. ज्याला मोडी येत नाही त्या कुणब्याने करायचे काय? दप्तरात लिहिले तेच खरे. पावती मागावी तर ती वाचणार कोण? अंगठा उठवायचा आणि घरी जायचे. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण, सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातले. १८८३ साली जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात सावकार, कुलकर्णी आणि कचेरीतला कारकून यांच्या लेखणीखाली शेतकरी कसा भरडला जातो याचा पाढाच वाचला. सगळेच कुलकर्णी लबाड होते असे कुणी म्हणणार नाही. गावच्या अडीनडीला उभे राहणारेही पुष्कळ होऊन गेले. पण प्रश्न माणसाच्या भलेपणाचा नव्हता. भला निघाला तर नशीब आणि वाईट निघाला तरी त्याला बदलता येत नाही, ही वतनाची खोड होती.

शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने काढून पगारी तलाठी नेमले. आपल्याकडे मुंबई राज्याने १९५० साली परगणा व कुलकर्णी वतने नष्ट करण्याचा कायदा केला, आणि १ मे १९५१ पासून तो अंमलात आला. पिढ्यान्‌पिढ्यांचे दप्तर पगारी तलाठ्याच्या हाती गेले. जन्माने मिळणारी हिशेबाची किल्ली अशी कायद्याने काढून घेतली गेली.

हा झाला जमिनीच्या साऱ्याचा हिशेब. व्यापाऱ्याच्या उत्पन्नावरचा कर ही गोष्ट निराळी, आणि ती आली साहेबाबरोबर. सत्तावन्नच्या धामधुमीने सरकारची तिजोरी रिकामी झाली होती. ती भरायला जेम्स विल्सन नावाचे अर्थमंत्री विलायतेहून आले आणि १८६० साली त्यांनी हिंदुस्थानात पहिला आयकर बसवला. वर्षाला दोनशे रुपयांच्या आत ज्याची मिळकत, त्याला माफी. दोनशे ते पाचशेपर्यंत शेकडा दोन, आणि पाचशेच्या वर शेकडा चार. म्हणजे तीनशे रुपये मिळवणाऱ्याने सहा रुपये द्यायचे आणि सहाशे मिळवणाऱ्याने चोवीस. तो कर पाच वर्षांनी उठला, निराळ्या रूपांनी परत आला, आणि १८८६ च्या कायद्याने कायमचा ठाण मांडून बसला. त्याच कायद्याने शेतीच्या उत्पन्नाला आयकरातून वगळले.

पण गंमत पाहा. हा कर कृष्णेच्या सगळ्या काठाला सारखा नव्हता. साताऱ्याचे राज्य १८४८ साली खालसा झाले, म्हणून सातारा, कराड, वाळवे, तासगाव हा मुलूख ब्रिटिश अंमलाखाली. सांगली आणि मिरज मात्र पटवर्धनांची संस्थाने, तशीच औंध, फलटण आणि जत ही आणखी तीन संस्थाने. ब्रिटिश हिंदुस्थानचा आयकर कायदा संस्थानाच्या हद्दीत लागू नव्हता. तिथले कर तिथला राजा ठरवी. तासगावच्या दुकानदाराला आयकराची नोटीस येई, आणि तिथून बैलगाडीने एका दिवसाच्या वाटेवर असलेल्या सांगलीच्या पेठेतला हळदीचा व्यापारी त्या कायद्याच्या कक्षेबाहेर असे.

हे चित्र एका सालात पालटले. ते साल १९४९. मार्च १९४८ मध्ये सांगली, मिरज आणि इतर दक्षिणी संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली. १९४९ साली साताऱ्याचा दक्षिण भाग आणि ही संस्थाने मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला. त्याचेच नाव १९६० मध्ये सांगली ठेवले गेले. आणि त्याच १९४९ मध्ये केंद्राने करांचे कायदे विलीन संस्थानांना लागू केले. आयकर १ एप्रिल १९४९ पासून सांगलीच्या उंबऱ्यात आला. एकदम भार पडू नये म्हणून विलीन संस्थानांतल्या करदात्यांना काही सवलती देणारा आदेशही त्याच वर्षी निघाला.

गणपती पेठेतल्या अडत्याच्या गादीवर बसलेल्या दिवाणजीची तेव्हा काय गत झाली असेल, याची कल्पना करा. वह्या त्याच्या चोख. लाल कापडाच्या, लांबट, लक्ष्मीपूजनाला कुंकू लावून उघडलेल्या. जमा कुठे आणि नावे कुठे, यात चूक व्हायची नाही. पण आता सरकार विचारू लागले, नफा कुठला आणि भांडवल कुठले? घरखर्च दुकानाच्या खात्यात का? घसारा किती? "शेट, वही जुळते आपली, पण कायदा जुळत नाही," असे म्हणण्याची पाळी त्याच्यावर आली. वही आणि कायदा यांच्यामध्ये एक नवा माणूस उभा राहणे भाग होते. तो माणूस म्हणजे करसल्लागार.

या माणसाला अधिकार कुणी द्यायचा? इथे आपल्या प्रश्नाचे दुसरे उत्तर येते. १९१३ च्या कंपनी कायद्याने हिशेबतपासनीस कोण असावा याला बंधन घातले, आणि १९१८ मध्ये मुंबईत सरकारी लेखाशास्त्र पदविका सुरू झाली. परीक्षा द्यायची आणि मान्य लेखापालाच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी करायची, मग प्रमाणपत्र. १९३२ च्या नियमांनी नोंदणीकृत लेखापाल आले. आणि पुन्हा ते १९४९ साल: १ जुलैला सनदी लेखापालांचा कायदा अंमलात आला आणि त्यांची संस्था उभी राहिली. ज्या वर्षी आयकर सांगलीत आला, त्याच वर्षी तो समजावून सांगणाऱ्या धंद्याला देशात स्वतःचा कायदा मिळाला.

परंतु सनदी लेखापाल तालुक्याच्या गावी कुठून येणार? म्हणून आयकराच्या कायद्याने दार बरेच मोकळे ठेवले होते. करदात्याच्या वतीने अधिकाऱ्यापुढे त्याचा नातलग उभा राहू शके, नोकर उभा राहू शके, वकील, लेखापाल आणि आयकर व्यावसायिकही. १ एप्रिल १९३८ पूर्वीपासून जे हे काम करीत होते, त्यांना १९२२ च्या कायद्याने व्यावसायिक मानून घेतले. १९६१ चा कायदा आला, त्यानेही आधीच्या काम करणाऱ्यांचा हक्क राखला, आणि नव्याने येणाऱ्याला वाणिज्य किंवा कायद्याची पदवी पुरेशी ठरवली. निराळी परीक्षा नाही. पदवी हीच सनद.

या एका कलमाचा अर्थ आपल्या दोन जिल्ह्यांत काय झाला, तो नीट ध्यानात घ्या. सांगलीत १९६० मध्ये चिंतामणराव वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघाले. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेने धनंजयराव गाडगीळांच्या नावाने वाणिज्य महाविद्यालय उभे केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी ही संस्था काढली, तेव्हा शेतकऱ्याच्या पोराला वसतिगृहात दोन घास आणि दोन अक्षरे मिळावीत एवढीच धडपड होती. 'कमवा आणि शिका' म्हणत पोरे बागेत पाणी घालीत, खडी फोडीत, आणि शिकत. त्यांच्यामागून पुढची पिढी वाणिज्य शाखेकडे वळली. ज्याच्या आज्याने कुलकर्ण्याच्या दप्तरावर अंगठा उठवला, तो नातू बी.कॉम. होऊन आयकर अधिकाऱ्यापुढे दुसऱ्याचा हिशेब घेऊन बसू लागला. जन्माने मिळणारी किल्ली आता अभ्यासाने मिळू लागली. माझ्या मते आपल्याकडच्या मुकाट क्रांत्यांपैकी ही एक आहे, आणि तिची मिरवणूक कुणी काढलेली नाही.

पुढे काम वाढत गेले. विक्रीकर १९४६ मध्ये मुंबई प्रांतात आला, १९५९ च्या कायद्याने त्याला नवे रूप मिळाले आणि २००५ मध्ये मूल्यवर्धित कराने त्याची जागा घेतली. १९८४ च्या अर्थकायद्याने ठरावीक उलाढालीच्या वरच्या व्यापाऱ्याला सनदी लेखापालाकडून करासाठी हिशेबतपासणी करून घेणे सक्तीचे झाले. दिवाळी ते दिवाळी वर्ष मोजणाऱ्या पेठेला १९८९-९० च्या आकारणी वर्षापासून ३१ मार्चला वर्ष संपवण्याचा दंडक आला. लक्ष्मीपूजनाची वही राहिली पूजेपुरती, आणि हिशेबाचे वर्ष उन्हाळ्याच्या तोंडाशी जाऊन बसले. २००६ मध्ये सरकारने तरुण पदवीधरांना शिकवून करविवरणपत्र भरून देणारे तयार करण्याची योजनाही काढली. नव्या करदात्याकडून जो कर येईल त्यातले पहिल्या वर्षी शेकडा तीन, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी एक, असा त्यांचा मोबदला ठरला; वर हजार रुपयांची मर्यादा.

आणि मग आले २०१७. इथे तिसरे उत्तर मिळाले: जुना असो की अनुभवी, परीक्षा द्या. १९३८ आणि १९६१ मध्ये ज्या अनुभवाला कायद्याने मान दिला, त्याच अनुभवाला २०१८ मध्ये संगणकासमोर बसवले. कुणाला हा अपमान वाटला, आणि त्यांचे दुःख समजण्यासारखे आहे. तरीही मला परीक्षेच्या बाजूने दोन शब्द बोलायचे आहेत.

एक उदाहरण घेऊ. आपल्या तासगाव-कवठेमहांकाळचा बेदाणा. द्राक्षे शेडवर वाळवली की बेदाणा होतो, त्यावर पाच टक्के कर. आता शेतकऱ्याने स्वतःच्या बागेतला माल वाळवून सौद्याला आणला, तर त्याने नोंदणी करून कर भरायचा का? कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतकऱ्याची व्याख्या आहे: स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या कष्टाने, अथवा स्वतःच्या देखरेखीखाली मजूर लावून जमीन कसणारा. तेविसाव्या कलमात म्हटले आहे, की जमीन कसून आलेला माल विकण्यापुरती शेतकऱ्याला नोंदणी लागत नाही. पण वाळवलेला बेदाणा हा 'जमीन कसून आलेला माल' का? वर्षानुवर्षे यावर तर्क चालले. शेवटी २१ डिसेंबर २०२४ च्या बैठकीत वस्तू व सेवा कर परिषदेने खुलासा केला, की शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर कर नाही. तोच बेदाणा व्यापाऱ्याने पुढे विकला, की कर आहे. हळदीचेही तसेच: ओली हळद करमुक्त, शिजवून वाळवली की पाच टक्के.

आता सांगा, "आम्ही इतकी वर्षे असेच करतो" एवढ्या उत्तरावर इथे भागेल काय? चुकीचा सल्ला मिळाला तर भुर्दंड पडतो बागाईतदाराला, आणि सल्लागार नामानिराळा राहतो. डॉक्टराला परीक्षा लागते, वकिलाला लागते, मग दुसऱ्याचा पैसा ज्याच्या शब्दावर सरकारजमा होतो त्याला ती का नसावी? वतनदाराला बदलता येत नव्हते. परीक्षा मात्र दर वेळी विचारते, आजचा कायदा तुला येतो का? तिचे मोल तेवढ्यासाठी आहे.

जे कुणी आज अशा परीक्षेचा अभ्यास करीत असतील, सनदी लेखापालाच्या असो, कराच्या असो, की सहकारी लेखापरीक्षणाच्या, त्यांना या इतिहासातून दोन गोष्टी उपयोगी पडतील. पहिली ही, की कलम पाठ करण्याआधी व्याख्या वाचावी. कोण विकतो, काय विकतो आणि कुठल्या अवस्थेत विकतो, या तीन प्रश्नांत करकायद्याचे पुष्कळसे गणित सुटते. कलमाखालचे परंतुक आणि स्पष्टीकरण वगळून पुढे जाऊ नये; घात होतो तो तिथेच. दुसरी ही, की पुस्तक जुने होते हे धरूनच चालावे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ मध्ये नवा कायदा मंजूर झाला, त्याची ५३६ कलमे आणि १६ अनुसूची, आणि १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरली. ज्यांना जुन्या कलमांचे आकडे तोंडपाठ, त्यांनाही नवे आकडे गिरवणे आले. आपण परीक्षा एकदा देतो, पण कायदा आपली परीक्षा दर वर्षी घेतो.

इथवर परीक्षेची बाजू झाली. आता तिच्यातले उणे सांगितले पाहिजे, नाहीतर हिशेब पुरा होणार नाही.

२०१८ च्या त्या परीक्षेची भाषा होती इंग्रजी आणि हिंदी. सनदी लेखापालाची परीक्षाही याच दोन भाषांत देता येते. मराठीत नाही. कुणी म्हणेल, देशाची परीक्षा आहे, चौदा-पंधरा भाषांत कशी घ्यायची? अडचण खरी आहे. पण याच विषयाची एक परीक्षा महाराष्ट्रात मराठीतून होते, हे विसरू नये. सहकार व लेखा पदविकेची ही राज्य सरकारची परीक्षा. लेखापालन, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास, सहकारी कायदा वगैरे सहा विषय, आणि उत्तरे मराठीत लिहिता येतात. आपल्या साखर कारखान्यांच्या, सोसायट्यांच्या आणि पतपेढ्यांच्या मुलखात ही पदविका घेतलेली माणसे गावोगाव भेटतात. नोकरी सांभाळून, रात्री जागून त्यांनी ती मिळवलेली असते. ताळेबंद मराठीत तपासता येतो, तर कराचे कलम मराठीत का समजू नये? शब्द नाहीत म्हणावे तर जमा, नावे, बाकी, कीर्द, खतावणी, ताळेबंद, घसारा हे सगळे शब्द आपल्या घरचे आहेत. इंग्रजीचा गंध नसलेल्या दिवाणजींनी यांच्याच जोरावर लाखोंच्या उलाढाली सांभाळल्या.

यात नुसत्या भाषाभिमानाचा प्रश्न नाही. पुन्हा त्या दप्तराची आठवण करा. कुणब्याला मोडी येत नव्हती, म्हणून तो कुलकर्ण्याच्या मुठीत होता. आज शेतकऱ्याच्या आणि किराणा दुकानदाराच्या नावे जे विवरणपत्र भरले जाते ते संगणकावर, इंग्रजीत. ते भरणारा परीक्षा उत्तीर्ण असेल, हुशार असेल, सज्जनही असेल. पण ज्याच्या नावाने ते भरले त्याला त्यातले अक्षर कळत नसेल, तर मोडीच्या जागी इंग्रजी आली, यापलीकडे काय बदलले? अंगठ्याच्या जागी मोबाइलवर आलेला आकडा सांगायचा, एवढेच. "साहेब, आकडा आलाय, सांगू का?" "हां, सांगा." झाले काम! काय काम झाले, ते विचारायचे राहूनच जाते.

म्हणून मला वाटते, करसल्लागाराची खरी परीक्षा संगणकापुढच्या अडीच तासांत संपत नाही. ती त्यानंतर त्याच्या स्वतःच्या कचेरीत सुरू होते. समोर बाकावर कवठ्याचा बागाईतदार बसला आहे, टोपी गुडघ्यावर ठेवून. त्याला समजेल अशा मराठीत, कुठल्या कलमाने किती कर बसला, कुठल्या कलमाने किती सुटला आणि भरलेल्या कागदात काय लिहिले आहे, हे सांगता आले तर अभ्यास सार्थकी लागला. तो पेपर तपासायला कुणी परीक्षक येत नाही, हे खरे. पण निकाल लागतोच. पुढच्या वर्षी तो बागाईतदार परत येतो की नाही, त्यावरून तो कळतो.

आणि शेवटची गोष्ट आपल्यासाठी, म्हणजे जे परीक्षेला बसणार नाहीत पण ज्यांचा कर कुणीतरी भरून देतो त्यांच्यासाठी. आपल्या आज्या-पणज्याला विचारायची सोय नव्हती. आपल्याला ती आहे. या वर्षी कागद पुढे आला, की लाजू नका. शांतपणे म्हणा, "जरा वाचून दाखवा, काय लिहिलंय ते. मग सांगतो आकडा."